राणीची लाथ आणि ख्रिस्तपुराण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यावर लेख आला, पूर्ण पान, रंगीत फोटो वगैरे, आणि चौथ्याच ओळीत काय तर आठव्या हेन्रीने आपल्या सहाही राण्यांची डोकी उडवली. अहो सहाही? मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही, बत्तीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढलेली बाई आहे, पण हिशेब चुकलेला दिसला की मला झोप लागत नाही म्हणून हे पत्र.

डोकी उडवली ती दोघींची. अ‍ॅन बोलिन १५३६ मधे आणि कॅथरिन हॉवर्ड १५४२ मधे. पहिली कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन आणि चौथी अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्ज, या दोघींशी घटस्फोट झाला असं आपण म्हणतो पण खरं तर हे लग्न मुळात झालंच नव्हतं असं कागदावर ठरवून टाकलं (चोवीस वर्षं संसार करून!). जेन सेमूर १५३७ मधे बाळंतपणानंतर बारा दिवसांनी गेली आणि शेवटची कॅथरिन पार हेन्रीच्या मागे जिवंत राहिली, तिने पुढे दुसरं लग्नसुद्धा केलं. सगळ्यात हुशार मला ती क्लीव्ह्जची अ‍ॅन वाटते, सहा महिन्यांत नवऱ्याने नको म्हटलं तर रडत बसली नाही, सही करून टाकली, बदल्यात वाडे आणि उत्पन्न घेतलं आणि राजाची लाडकी बहीण म्हणून आरामात जगली, १५५७ पर्यंत.

असो. माझी खरी तक्रार पुढेच आहे. पानभर लेखात फक्त बायका आणि कुऱ्हाड. (अ‍ॅन बोलिनला तर कुऱ्हाडपण नाही, तिच्यासाठी समुद्रापलीकडून खास तलवारवाला बोलावला होता.) दरबार म्हणजे रोज काय चालायचं तिथे याबद्दल एक अक्षर नाही, आणि त्या दरबारातून एक धागा थेट आपल्या मराठीपर्यंत आलाय त्याचा तर पत्ताच नाही.

मुलगी इंग्लंडमधे रीडिंगला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा एक दिवस हॅम्प्टन कोर्ट पाहिलं. वुल्सी नावाच्या कार्डिनलने (म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू) १५१५ च्या सुमारास बांधायला घेतला आणि राजाचा डोळा त्यावर पडल्यावर निमूटपणे देऊन टाकला तो हा वाडा. लोक हॉल बघतात, झुंबरं बघतात, मी स्वैपाकघरातच तासभर रमले. उकडायची खोली वेगळी, पेस्ट्रीची वेगळी, मासे ठेवायची वेगळी, आणि मांस भाजायच्या एवढ्या मोठ्या चुली की आत माणूस उभा राहील. सहाशेच्या आसपास माणसं दिवसातून दोनदा जेवायची, म्हणजे रोजच लग्नघर. आणि एवढी माणसं जेवणार म्हटल्यावर पुढचंही आलंच, तर त्यासाठी सार्वजनिक संडास होता, एका वेळी अठ्ठावीस जण शेजारी शेजारी बसतील असा. १५२६ मधे वुल्सीने दरबारासाठी नियम केले त्यात स्वैपाकघरातल्या पोरांनी उघडंनागडं फिरू नये असं लिहावं लागलं होतं, यावरून कल्पना करा. काही आठवड्यांत वाडा इतका घाण व्हायचा की सगळं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या वाड्यात, तोवर हा धुवून काढायचा. हेन्री मेला तेव्हा त्याचे पन्नासच्या वर वाडे होते ते काही नुसत्या हौसेपायी नाहीत.

या दरबारात सगळ्यात वजनदार नोकरी कोणती माहित्ये का? राजा शौचाला बसला की त्याच्याजवळ हजर राहायची. ग्रूम ऑफ द स्टूल. स्टूल म्हणजे मखमल लावलेली खुर्चीवजा पेटी, आत भांडं. आपण हसतो पण त्या पदासाठी चांगले खानदानी लोक झुरायचे, कारण राजा एकटा सापडतो कुठे? तिथेच. कोणाचं काम सुचवायचं, कोणाबद्दल कान भरायचे, सगळं त्या खोलीत. आणि जेवढं जवळ तेवढं धोक्याचंसुद्धा, हेन्री नॉरिस नावाचा माणूस याच पदावर होता, अ‍ॅन बोलिनवर बदफैलीचा आरोप आला त्यात हाही गोवला गेला आणि तिच्या दोन दिवस आधी त्याचं मुंडकं उडालं. हेन्रीच्या पदरी शेवटचा या जागेवर अँथनी डेनी, राजा थकल्यावर राजाच्या सहीचा ठसा याच्या ताब्यात होता. ठसा दाबून कागदावर सहीचे वळ उमटवायचे आणि मग त्यात शाई भरायची. हेन्रीच्या मृत्युपत्रावरची सहीसुद्धा अशीच ठशाची, आता बोला. आमच्याकडे सही जुळली नाही तर पाचशे रुपयांचा चेक परत जायचा.

हेन्रीची मुलगी एलिझाबेथ १५५८ मधे राणी झाली, बाई असल्याने आतल्या खोल्यांत बायकाच, त्यामुळे पुरुषांना जवळ जायचे मार्ग बदलले. नाचायचं, कविता करायच्या, भेटी द्यायच्या. दर नव्या वर्षाला सगळ्यांनी राणीला आहेर करायचा आणि त्याची रीतसर यादी व्हायची, कोणी काय दिलं आणि उलट राणीने त्याला किती औंसाचं चांदीचं भांडं दिलं ते सगळं वजनासकट. आपल्याकडे लग्नात एक आत्या वही घेऊन बसते ना, अगदी तसंच. पेस्ट्रीखात्याचा प्रमुख बिचारा ‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री द्यायचा. आणि राणी उन्हाळ्यात गावोगाव पाहुणी जायची ते वेगळं, शेकडो गाड्या सामान घेऊन, १५७५ मधे लेस्टरच्या अर्लकडे केनिलवर्थला एकोणीस दिवस मुक्काम ठोकला. तो तिच्याशी लग्नाची आस लावून बसलेला, म्हणून खर्चाला मागेपुढे पाहिलं नाही. लग्न काही झालं नाही.

आता तो नाच, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. टॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत, देखणा, जरा उधळ्या दरबारी होता. १५६९ च्या नाताळात तो राणीसमोर नाचला, कठीण गिरकी घेतली, राणी खूश, म्हणाली पुन्हा कर. पुन्हा करायला गेला आणि भर सभेत धाडकन पडला. राणीने त्याला लाथ मारली आणि म्हणाली, उठा, सर बैल. सगळा दरबार हसला. तो उठला, लॅटिनमधे जगाचं वैभव हे असंच जातं म्हणाला आणि दरबार सोडून गेला तो परत आलाच नाही. ही गोष्ट कॅथलिक लोकांनी लिहून ठेवलेली आहे, थोडा मीठमसाला असणारच, पण माणूस बदलला हे खरं, तो कट्टर कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारा, झाला. आणि त्या काळात ते म्हणजे आगीशी खेळ, १५७० मधे पोपने राणीला वाळीत टाकलं होतं आणि मग कॅथलिक म्हणजे देशद्रोही अशीच नजर झाली. एडमंड कॅम्पियनने १५६६ मधे ऑक्सफर्डला राणीसमोर भाषण करून शाबासकी मिळवली होती, पुढे तो कॅथलिक पाद्री झाला तर त्यालाच १५८१ मधे लंडनच्या टायबर्नला फाशी दिलं.

पाउंडचा एक तरुण मित्र होता, विल्टशरचा, टॉमस स्टीफन्स. दोघं मिळून रोमला पळून जाऊन जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) व्हायचं ठरलं, स्टीफन्स त्याचा नोकर असल्याचं सोंग घेऊन त्याच्याबरोबर फिरायचा. पण निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि त्याने पुढची तीसेक वर्षं या तुरुंगातून त्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटाच गेला. १५७५ मधे रोम, १५७९ च्या एप्रिलमधे लिस्बनहून जहाज, ऑक्टोबरात गोवा. आणि मग चाळीस वर्षं तिथेच, गोव्यातल्या सासष्टीत, मराठी आणि कोकणी शिकत, बोलत, लिहीत.

हो, तेच फादर स्टीफन्स. हरळांमाजी रत्नकिळा वाले. जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण, १६१६ मधे गोव्यातच राशोलला रोमन लिपीत छापलेलं. शाळेत ती ओवी आपण सगळ्यांनी पाठ केली, पण हा माणूस कोणत्या राणीच्या राज्यातून आणि का पळाला हे आम्हाला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

अजून एक गंमत. १५८३ मधे त्याच एलिझाबेथने अकबर बादशहाच्या नावाने पत्र देऊन काही व्यापारी पाठवले, जॉन न्यूबरी, राल्फ फिच, एक जवाहिऱ्या, आणि बरोबर एक चित्रकार. इराणच्या आखातातल्या होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना हेर म्हणून धरलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. त्यांना जामिनावर सोडवायला धावून आला कोण, तर राणीच्या कायद्यांमुळे देश सोडलेला हाच स्टीफन्स. बरोबर एक डच कारकून होता, लिन्सखोटेन. चित्रकार गोव्यातच राहिला, बाकीचे १५८४ मधे गुपचूप निसटले आणि बेळगाव, विजापूर, बुऱ्हाणपूर करत आग्र्याकडे गेले. जवाहिऱ्या अकबराकडे नोकरीला लागला, न्यूबरी लाहोरमार्गे घरी निघाला तो कोणाला पुन्हा दिसला नाही, आणि फिच १५९१ मधे लंडनला पोचला. त्याच्याकडून इकडची माहिती घेणारे लोक पुढे ईस्ट इंडिया कंपनीत होते, आणि कंपनीच्या सनदेवर सही त्याच राणीची, ३१ डिसेंबर १६००.

एवढं सगळं सोडून तुमच्या लेखात सहा मुंडकी, आणि त्यातली चार खोटी. पुढच्या रविवारी निदान दोन ओळींची दुरुस्ती छापा, आणि जागा उरली तर त्या पाउंडवरही कोणाकडून तरी लिहून घ्या. तो राणीच्या नंतर बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या घरी वारला.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)