बाहुल्यांचं गाव छापलंत, आता पानं विकणाऱ्या आज्यांचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जपानच्या नागोरो गावावर लेख आला होता, माणसं उरली नाहीत म्हणून तिथल्या एका बाईंनी माणसाएवढ्या बाहुल्या करून शेतात, बसस्टॉपवर, बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात बसवल्या. फोटो बघून गलबलून आलं, पण नंतर दोन दिवस एकच डोक्यात होतं की जपानच्या खेड्यांबद्दल आपल्याला नेहमी एवढंच का वाचायला मिळतं? ओसाड घरं, एकटी म्हातारी माणसं. परिस्थिती तशी आहे हे मान्य, 2023 च्या सरकारी पाहणीत तिथे 90 लाख घरं रिकामी निघाली, आणि ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक 65 च्या पुढचे असतात तिला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, गेन्काई शूराकू, म्हणजे आता आणखी ताण सोसणार नाही अशा टोकाला आलेली वस्ती. पण नागोरो ज्या तोकुशिमा प्रांतात आहे त्याच प्रांतात कामिकात्सू म्हणून दुसरं एक डोंगरातलं गाव आहे, तिथल्या आज्या झाडाची पानं विकतात, आणि मला वाटतं इंदूरच्या वाचकाला त्या बाहुल्यांपेक्षा ही पानं जास्त जवळची आहेत.

झालं असं की 1981 च्या फेब्रुवारीत तिथे कडाक्याची थंडी पडली आणि गावाची संत्र्याची झाडं मेली, संत्री गेली म्हणजे कमाईच गेली. तिथल्या शेतकरी सोसायटीत तोमोजी योकोइशी नावाचा बाविशीचा पोरगा नोकरीला होता, तोही बाहेरचा, शहरातून आलेला. 1986 साली ओसाकाच्या एका सुशीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी ताटलीत सजावटीला ठेवलेलं लाल मेपलचं पान किती छान म्हणून उचलून रुमालात ठेवलं, ते याने पाहिलं आणि म्हणला अरे हे तर आमच्या गावात ढिगाने आहे. गावाला अर्थातच पटेना, डोंगरभर पडलेल्या पाल्याचे कोण पैसे देणार! चार जणांना घेऊन सुरुवात केली तर माल उठेना, कारण हॉटेलवाल्याला पान कसं हवं हेच कोणाला माहीत नव्हतं. मग हा माणूस स्वतःच्या पगारातून महागड्या हॉटेलांमध्ये जेवायला जाऊन शिकला की कोणतं पान कोणत्या पदार्थाबरोबर, केवढ्या आकाराचं, आणि ऋतू लागायच्या थोडं आधीच ते बाजारात कसं पोचायला हवं.

पुढे फॅक्स आले, मग कॉम्प्युटर, आता टॅब्लेट. ऑर्डर पडली की जी आधी बटण दाबेल तिची, मग परसात जाऊन पानं तोडायची, पुसून एकसारखी ट्रेमध्ये लावायची आणि सोसायटीत नेऊन द्यायची. पान हलकं असतं, सत्तरी-ऐंशीच्या बाईला उचलायला जड जात नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आपली विक्री गावात कितव्या नंबरावर आहे हेही तिला स्क्रीनवर दिसतं, म्हणजे चुरस आलीच. तीनशेहून जास्त प्रकारची पानं-फुलं जातात आणि चांगल्या वर्षी साधारण 26 कोटी येनची विक्री झालेली आहे. गावाची लोकसंख्या काही वाढलेली नाही हो, आजही दीड हजाराच्या आतच आहे आणि घटतेच आहे, पण जे आहेत ते कामात आहेत. (हेच गाव कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतं, कचरागाडी नाही, लोक स्वतः नेऊन टाकतात. आपण इंदूरवाले सहा प्रकारांचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाच, पण हे वाचून मी गप्प झाले.)

आता आपल्याकडचं. माझ्या लहानपणी घरी मुंज असो की सत्यनारायण, धारकडच्या गावातून एक काकी डोक्यावर पत्तलांच्या म्हणजे पत्रावळींच्या गड्ड्या घेऊन यायच्या, खाखऱ्याची म्हणजे आपल्या पळसाची पानं, बारीक काड्यांनी टाचलेली, आणि दोने म्हणजे द्रोण वेगळे. आई त्यांना आधी जेवायला वाढायची मग हिशोब व्हायचा. गरम वरणभात वाढला की त्या पानाचा जो वास यायचा तो ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. त्यांच्या सुनेने हे काम सोडलं, ती आता पीथमपूरला फॅक्टरीत पॅकिंगच्या कामाला जाते. खाखरा तिथेच आहे, दर वर्षी पानं फुटतात आणि गळतात. आणि आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला चांदीसारखा चकचकीत कागदाचा दोना येतो जो धड कुजतही नाही. 2022 च्या जुलैपासून प्लास्टिकच्या प्लेटा बंद झाल्या तेव्हा मला वाटलं होतं आता पत्तल परत येईल, पण आली नाही, कारण ती कोणाकडे मागायची, किती मिळेल, कधी मिळेल हे कोणालाच ठाऊक नाही आणि तिकडे त्या बायकांनाही ठाऊक नाही की इंदुरात कधी किती ताटं उठणार आहेत. योकोइशीने नेमकी हीच गाठ सोडवली, पानं तर त्याच्या आधीही होतीच.

यंदा मी हट्टाने धारजवळच्या एका बचत गटाकडून 1200 पत्तली मागवल्या. पहिली खेप लहान-मोठी निघाली, काही फाटल्या, मंडळातले लोक नाराज झाले. मी एक स्टीलचं ताट नेऊन त्यांना दिलं, म्हणलं या मापाची हवी, दुसरी खेप चांगली आली. पण एका मंडळाच्या एका दिवसाच्या ऑर्डरवर कोणी फॅक्टरी सोडून घरी बसणार नाही. इंदूर, देवास, धारमधली मराठी मंडळं, भजनी मंडळं, लग्नाची कार्यालयं यांनी आपल्या वर्षभराच्या जेवणावळींच्या तारखा आणि ताटांचा अंदाज एकत्र काढला तर त्या बायकांना उन्हाळ्यातच पानं तोडून, वाळवून ठेवता येतील, पावसाळ्यात गणपतीच्या तोंडावर धावपळ होणार नाही. तुमच्या पेपरात महिन्याच्या पहिल्या रविवारी या तारखांसाठी एक चौकट द्याल का? गोळा करायचं काम मी आणि आमच्या गल्लीतल्या तिघीजणी करू, आमच्या मंडळाच्या पुढच्या वर्षाच्या सात तारखा या पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर