फुकट काम करतोस का म्हणालास ना, मग ऐक

मित्रा,

परवा फोनवर विचारलंस की ऑफिस सुटल्यावर रात्री जागून तू नक्की करतोस काय आणि तेही फुकट, आणि मी "अरे ते केडीईचं काम" एवढंच पुटपुटलो. केडीई म्हणजे लिनक्सवर चालणारा डेस्कटॉप आणि त्याची ऍप्स बनवणारा, सगळ्यांना खुला प्रकल्प. वहिनी मागून हसल्या ते ऐकलं मी. म्हणून आज लिहायलाच बसलोय, लांबलं तर चहा टाकून वाच.

तुला वाटतं काळ्या स्क्रीनवर मी धडाधड कोड टाइप करत असणार. कसलं काय! कोड लिहिणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. बाकी सगळं वाचन. लोकांनी टाकलेले बग, म्हणजे बिघाडाच्या तक्रारी, वाचायच्या, दुसऱ्यांचा कोड वाचायचा, आणि मग अतिशय नम्र भाषेत प्रश्न विचारायचे.

बग कसे येतात बघ. "अपडेट केलं आणि सगळं बंद पडलं." संपलं, एवढंच. कुठलं अपडेट, कुठली डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला प्रकार), ग्राफिक्स कार्ड कोणतं, एक्स११ वर होतास की वेलँडवर (खिडक्या स्क्रीनवर दाखवणारी जुनी आणि नवी सिस्टीम), मॉनिटर किती, काही नाही. एखादं ऍप क्रॅश झालं तर आमच्याकडे डॉक्टर कॉन्की नावाचा प्रोग्राम आहे, तो बॅकट्रेस, म्हणजे क्रॅश होताना प्रोग्राम कोडमध्ये कुठे होता त्याची यादी, गोळा करून पाठवतो, पण त्या माणसाकडे डीबग सिम्बॉल (कोडमधली नावं सांगणारी जादा माहिती) नसले तर त्यात निम्म्या ओळींत नुसती प्रश्नचिन्हं. मग परत विचारायचं, तो माणूस ब्राझीलमध्ये झोपलेला असतो, दोन दिवसांनी उत्तर देतो, कधी देतच नाही, आणि महिनाभर उत्तर नाही आलं की बॉट येऊन तो बग बंद करून टाकतो.

मध्ये एकाची तक्रार आली, लॅपटॉपची स्क्रीन १२५ टक्के स्केलिंगवर (सगळं तेवढं मोठं करून), बाहेरचा मॉनिटर १०० वर, आणि मेनू भलत्याच स्क्रीनवर उघडतोय. आता हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुढे काहीच करता येत नाही, म्हणून भाच्याचा मॉनिटर उचलून आणला, ताई वैतागली. मग गिट बायसेक्ट. म्हणजे हजारेक कमिटमध्ये, कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांमध्ये, कुठेतरी गडबड झालीय, मधला कमिट घ्यायचा, बिल्ड करायचा म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायचा, चालतोय का बघायचा, अर्धे बाद, परत उरलेल्यातला मधला. दहा फेऱ्यांत हजारातला एक सापडतो, गणित सोपं आहे, पण प्रत्येक फेरीला बिल्ड, आणि माझ्या मशीनचा पंखा असा ओरडतो की आई विचारते मिक्सर चालू आहे का. शेवटी निघालं काय, तर चूक आमच्याकडची नव्हतीच, केडीई ज्यावर उभं आहे त्या क्यूटी नावाच्या लायब्ररीत होती, आणि ती तिथे कुणीतरी आधीच दुरुस्त करून ठेवलेली. तो बग तसं लिहून बंद केला, त्याच्यासारखेच आणखी चारपाच डुप्लिकेट म्हणून त्याला जोडले, आणि झोपलो. एक ओळ कोड लिहिला नाही. पण काम झालं की नाही? माझ्या मते झालं.

सगळ्यात जास्त शिव्या सध्या वेलँडवरून पडतात. जुनी एक्स सिस्टीम एमआयटीमध्ये १९८४ ला सुरू झाली, एक्स११ आलं १९८७ ला, आणि त्यात कुठलंही ऍप दुसऱ्या ऍपमध्ये तू काय टाइप करतोयस ते गुपचूप वाचू शकतं. बँकेचा पासवर्डसुद्धा. वेलँडने, जे क्रिस्टियान होग्सबर्गने २००८ ला सुरू केलं, ते दार बंद केलं. चांगलंच झालं, पण त्याच दारातून स्क्रीनशॉट, स्क्रीन शेअरिंग, कीबोर्ड शॉर्टकटवाली सगळी ऍप्स पण ये-जा करत होती ना, त्यांना नवे रस्ते बांधून द्यायला वर्षं गेली. २८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ (प्लाझ्मा म्हणजे केडीईचा डेस्कटॉप) आलं त्यात वेलँड डिफॉल्ट केलं आणि लोक म्हणाले, चांगलं चालत होतं ते मोडलंत कशाला. मला विचारशील तर त्यांचं निम्मं बरोबर आहे. ज्याचं रोजचं एक बटण चालेनासं झालंय त्याला सिक्युरिटीचं प्रवचन देऊन काय उपयोग. २००८ च्या जानेवारीत केडीई ४.० अर्धंकच्चं बाहेर पडलं तेव्हा तर लिनक्सचा जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स केडीई सोडून ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेला होता! त्यातून एवढं शिकलेत सगळे की आता रिलीज झाल्यावर दुरुस्त्या पटापट येतात, पहिली एका आठवड्यात, मग परत एक आठवडा, मग दोन, तीन, पाच. हो, फिबोनाची या इटालियन गणितज्ञाची मालिका, आधीचे दोन आकडे मिळवले की पुढचा. आपल्या छंदशास्त्रवाल्यांना हे आकडे त्याच्या आधीपासून माहीत होते पण ते असो, तिकडे वाद नको.

मी जिथे खरंच उपयोगी पडतो ती जागा म्हणजे देवनागरी. "क्ष" आपल्याला एक दिसतो पण आत तीन कोडपॉइंट (कॉम्प्युटरसाठी अक्षरांचे क्रमांक), क, हलंत आणि ष. बाण दाबला की कर्सर क्षच्या पोटात थांबायला नको, पूर्ण ओलांडून जायला पाहिजे. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिपींच्या कॉम्प्युटर मानकाच्या, नियमांत हे २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आलं, तोपर्यंत कागदोपत्री ती दोन अक्षरं होती. पण बॅकस्पेसचं उलटं, तिथे मला एकेकच कोडपॉइंट जायला हवा, वेलांटी चुकली म्हणून आख्खं "स्त्री" परत कोण टाइप करणार? हे जर्मनीतल्या रिव्ह्यूअरला, म्हणजे माझा कोड तपासणाऱ्याला, पटवायला स्क्रीनशॉट, व्हिडिओ सगळं जोडावं लागतं. गडी चिवट असतात, कमिट मेसेजमधला (बदलासोबत लिहायच्या टिपणातला) स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत, पण प्रश्न बरोबर विचारतात.

आता फुकटचं. काही जणांना पगार मिळतो बरं का, स्टीम डेक या हातातल्या गेमिंग मशीनच्या डेस्कटॉप मोडमध्ये प्लाझ्माच आहे, त्यामुळे ते बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी काही डेव्हलपर्सना पैसे देते, शिवाय जर्मनीत केडीई ई.व्ही. नावाची संस्था आहे ती देणग्यांवर चालते. मला छदाम मिळत नाही. मी हाच डेस्कटॉप दिवसभर वापरतो, खटकलं की हात शिवशिवतात, एवढंच कारण. पण पैशापेक्षा माणूस थकण्याची भीती मोठी आहे. एक्सझेडचं, त्या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं, प्रकरण आठवतंय? तो सांभाळणारा एकटा मेंटेनर, लासे कॉलिन, आधीच थकलेला, त्याच्यावर खोट्या वाटणाऱ्या नावांनी "किती उशीर करतोस" म्हणून दबाव आणला, मदतीला जिया टान नावाचं कुणीतरी आलं, विश्वास मिळवला आणि आत बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घातलं. मार्च २०२४ मध्ये पकडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं म्हणून! तेव्हापासून कुणी मेंटेनरला "इतके दिवस झाले, करताय काय" असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं.

बाकी तुझ्या त्या जुन्या लॅपटॉपचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला (केडीईची घोषणा १९९६ ला त्याच तारखेला झाली होती, योगायोग बघ), आणि लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसेल तर विंडोज ११ ला तो सरळ चालणार नाही. फेकू नकोस. आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघू, वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपतो का, एवढं तपासू, मगच इन्स्टॉल. काकांचे फोटो आणि टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा त्याच्या आधी बाहेर काढून ठेव, आणि टॅली विंडोजचंच आहे, तेवढ्यासाठी वेगळी सोय लागेल हे त्यांना आत्ताच सांग, नंतर माझ्या नावाने ओरडायला नको. मॉडेल नंबर खाली स्टिकरवर असेल, त्याचा फोटो पाठव. काही बिघडलं तर "चालत नाही" असा मेसेज आलेला मला चालणार नाही, काय दाबलं आणि स्क्रीनवर काय आलं ते लिहायचं.

तुझाच
रात्रीचा फुकट्या