काट्यावरचा जुना संगणक एवढ्यात टाकू नकोस

पुणे

प्रिय विश्वास,

पत्र मिळालं. काट्यावरचा संगणक उसाच्या ट्रॉलीचं वजन दाखवेनासा झाला आणि दुरुस्तीवाल्याने ‘पोर्ट गेला, नवीन संगणक घ्या’ म्हणून सांगितलं, हे वाचून राहवलं नाही. अरे, तपासल्याशिवाय पोर्ट गेला कसा म्हणायचा? तुझा प्रोग्रॅम डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीवरचा. तो थेट ३एफ८ या पत्त्यावर, म्हणजे कॉम-१ या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवर बोलतो. नव्या संगणकात असा पोर्ट नसला की लावतात तो यूएसबी कन्व्हर्टर त्या पत्त्यावर नसतोच, त्यामुळे नवा संगणक आणि कन्व्हर्टर घेऊनही काटा मुकाच राहील.

आधी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये बघ, कॉम-१ बंद तर केलेला नाही ना. पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (पोर्टची प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ४ दिसायला हवं.

मग काट्याची केबल काढ. पोर्टच्या पाच पिनांची रांग वर ठेवून समोरून पाहिलंस की डावीकडून १, २, ३ असे क्रमांक. २ नंबरची पिन ऐकते, ३ नंबरची बोलते, ५ ग्राउंड. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव, काळी तार ५ ला, लाल ३ ला. पोर्ट गप्प असताना तिथे उणे व्होल्टेज हवं, जुन्या मशीनवर साधारण उणे १० ते १२. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे या पोर्टच्या मानकात, उणे ३ ते १५ म्हणजे ‘१’, अधिक ३ ते १५ म्हणजे ‘०’, आणि रिकामी लाइन ‘१’ वर थांबते.

उणे काहीच आलं नाही, तर लगेच पोर्टला दोष देऊ नकोस. पॉवर सप्लायची निळी वायर तपास, तिच्यावर उणे १२ हवं. ते गेलं तरी बाकीचा संगणक मजेत चालतो, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. मला तरी पहिला संशय तिचाच आहे.

व्होल्टेज ठीक असेल तर २ आणि ३ या पिना जंपरने, म्हणजे छोट्या तारेने जोड. टाइप केलेलं पोर्टवर पाठवणारा आणि आलेलं दाखवणारा टर्मिनल प्रोग्रॅम ९६०० बॉड रेटवर (पाठवण्याच्या वेगावर) उघड, फ्लो कंट्रोल बंद, लोकल एकोही (टाइप केलेलं स्वतःच दाखवणं) बंद. टाइप केलेली अक्षरं पडद्यावर उमटली पाहिजेत आणि जंपर काढताच थांबली पाहिजेत. जंपर काढूनही उमटत राहिली, तर प्रोग्रॅमच ती दाखवतोय, त्या चाचणीला अर्थ नाही.

अक्षरं आलीच नाहीत तर डॉसच्या डीबग या प्रोग्रॅममध्ये ‘ओ ३एफसी १०’, ‘ओ ३एफ८ ५५’, मग ‘आय ३एफ८’ असं रोमन अक्षरांत दे. पहिल्या आज्ञेने यूएआरटी, म्हणजे पोर्ट चालवणारी मुख्य चिप, स्वतःचंच बोलणं आतल्या आत ऐकते, पिनांचा संबंध येत नाही. उत्तर ५५ आलं तर मुख्य चिप जिवंत आहे, बिघाड तिच्या आणि पिनांच्या मधल्या १४८८ किंवा १४८९ या चिपमध्ये. पाठवण्याची १४८८, घेण्याची १४८९. तुझ्या बोर्डावर दोन्ही मिळून एकच चिप असेल, तर तिच्यावरचा नंबर वाचून सांग. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून इथून पाठवतो.

आणि जंपर लावून सगळं नीट चाललं, तर पोर्टला हातही लावू नकोस. केबल बघ, आणि इंडिकेटरचा (काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याचा) बॉड रेट प्रोग्रॅमशी जुळतो का ते बघ.

गाळप सुरू व्हायच्या आत हे करून घे. ३ आणि ५ मधला आकडा आज रात्री फोनवर सांग, उणे-अधिक चिन्हासकट. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुंद