जांभळा टँग, पिवळा टँग आणि एकच टाकी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या समुद्री माशांच्या टाकीत जुन्या जांभळ्या टँग माशाने नव्या पिवळ्या टँगला वरच्या कोपऱ्यात कोंडले आहे, त्याच्या परांच्या कडा फाटल्या आहेत आणि तो अन्नाला तोंड लावत नाही, असे तू लिहितोस. तसे असेल तर दोघे आपसांत जुळवून घेतील म्हणून वाट पाहू नकोस. आजच त्यांना वेगळे कर. सुरुवातीचे एक-दोन दिवस पर ताठ करून शेजारी शेजारी पोहणे आणि शेपट्या झाडणे हे चालायचेच. पण हरलेला मासा खाणे सोडतो, तेव्हा प्रकरण त्याच्या जिवावर आलेले असते. समुद्रात असा मासा दूर निघून जातो आणि भांडण तिथेच मिटते. टाकीत तो फार तर चार फुटांवर जातो, म्हणजे विजेत्याच्या हद्दीतच राहतो.

जांभळ्याला तू 'खुनशी' म्हटले आहेस, ते मला पटत नाही. हे दोन्ही मासे झेब्रासोमा या एकाच प्रजातीगटातले, दोघांची अंगकाठी सारखी आणि दोघेही दिवसभर खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारे. त्यामुळे जांभळ्याच्या दृष्टीने पिवळा हा थेट त्याच्या ताटावर बसलेला वाटेकरी आहे. म्हणूनच तो तुझ्या क्लाउनफिशकडे ढुंकूनही पाहत नाही. १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे प्राणीवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनीही प्रवाळावरच्या माशांबद्दल हेच नोंदवले होते की ते परक्यांपेक्षा आपल्याच जातीच्या माशांवर अधिक तुटून पडतात.

आता वेगळे कसे करायचे ते सांगतो. बाहेर काढायचा तो जांभळ्याला, पिवळ्याला नव्हे. पिवळ्याला काढून पुन्हा सोडलेस तर तो पुन्हा नवखाच ठरेल, पण जांभळा आठवडा-दोन आठवडे दुसऱ्या टाकीत राहिला, तर तेवढ्यात पिवळा सावरतो, खायला लागतो आणि लपायच्या जागा ओळखतो. त्या काळात प्रवाळांना धक्का न लावता काही खडकांची मांडणी बदल, म्हणजे परतलेल्या जांभळ्याला जुन्या हद्दीच्या खुणा सापडणार नाहीत. परत आणताना त्याला थेट सोडू नकोस. भोकांच्या पारदर्शक पेटीत काही दिवस टाकीतच टांगून ठेव, आणि काचेवर धडका मारणे थांबल्यावरच मोकळा कर. पकडताना जाळ्याऐवजी प्लॅस्टिकचे भांडे वापर, कारण टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा काटा असतो. तो जाळ्यात अडकतो आणि हातही कापतो.

टाकीबाहेर आरसा लावण्याबद्दल तू विचारले आहेस. जांभळा स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत राहतो आणि पिवळ्याला तेवढी उसंत मिळते, हे खरे. पण आरसा काढला की भांडण जिथल्या तिथे, असाच बहुधा अनुभव येतो. त्यापेक्षा नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडीचे, तुकडे टाकीच्या दोन टोकांना लावणे मला जास्त कामाचे वाटते, कारण एकट्या जांभळ्याला एकाच वेळी दोन्ही ठिकाणी पहारा देता येत नाही. एवढे करूनही पाठलाग चालूच राहिला, तर दोघांपैकी एकाला दुसरे घर शोध. सर्व टँग एकाच टाकीत नांदतीलच अशी हमी कोणालाच देता येत नाही.

तुझ्याकडच्या डॉमिनो डॅमसेल माशाच्या बाबतीत मात्र मी कोणताच प्रयोग सुचवत नाही. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेले ते पिल्लू आज गोंडस दिसते, पण पूर्ण वाढल्यावर ते सुमारे १४ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि लहान माशांचे जगणे अवघड करून सोडते. तू फायरफिश आणणार आहेस, आणि पाठलाग झालेला फायरफिश टाकीबाहेर उडी मारतो. म्हणून डॉमिनो आधी दुकानात परत कर, मगच फायरफिश आण, आणि झाकणाला बारीक जाळी बसव. शांत मासे आधी आणि दांडगे शेवटी, हा क्रम पाळलास तर निम्मी भांडणे सुरूच होत नाहीत.

क्लाउनफिशच्या जोडीत तिसरा घालण्याचा बेतही सोडून दे. त्यांच्यात सर्वांत वरचढ असतो तो मासा मादी होतो आणि जोडी जमल्यावर ती तिसऱ्याला सहसा टिकू देत नाही.

पिवळ्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात का, तेही रोज पाहत जा. ते क्रिप्टोकॅरियन या परजीवीचे लक्षण असते, आणि ताणाखालचा मासा त्याला लवकर बळी पडतो. जांभळा बाहेर गेल्यावर पिवळ्याने नोरीला तोंड लावले की मला लगेच कळव, म्हणजे पेटी कधी टांगायची ते ठरवू.

तुझा स्नेही