अळीलाही प्रतिकारशक्ती असते

आपल्या शेती पुरवणीतील जैविक कीडनियंत्रणावरचा लेख उपयुक्त आहे. मात्र ‘अळ्यांना रोगप्रतिकारशक्ती नसते’ हे त्यातील विधान चुकीचे आहे. अळीत आपल्यासारखी प्रतिपिंडे (रोगजंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) नसतात, एवढेच खरे. १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमान व सहकाऱ्यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोषातून जिवाणूनाशक ‘सेक्रोपिन’ प्रथिने वेगळी केली. पुढे कोरियातील संशोधकांना ‘पॅपिलिओ झुथस’ फुलपाखराच्या अळीत त्याच गटातले ‘पॅपिलिओसिन’ सापडले. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची ही साखळी जिवाणूचे बाह्य पटलच फोडते. आपल्याकडे संत्रा-लिंबाची कोवळी पाने फस्त करणारी अळी या फुलपाखराची जवळची नातलग. (बागायतदारांना तिचे कौतुक वाटणार नाही, हे मान्य!)

लेखात अळ्या मारण्यासाठी शिफारस केलेला ‘बॅसिलस थुरिंजेन्सिस’ हा जिवाणू सेक्रोपिनचे तुकडे करणारे विकर (एन्झाइम) स्रवतो, हेही सिद्ध झाले आहे. अळीजवळ प्रतिकाराचे साधनच नसते, तर जिवाणूला या विकराचा उपयोग काय? जैविक कीटकनाशक कसे काम करते, हे शेतकऱ्यांना सांगताना ही बाजू वगळू नये.

– एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, अमरावती