वर्गात फॉर्म सी दाखवा

संपादक महोदय,
'गर्भपात म्हणजे गुन्हाच' असं ठामपणे म्हणणारे विद्यार्थी १९७१ चा गर्भपाताचा कायदा कलमवार वाचला की गप्प होतात. घोळ होतो तो दवाखान्यातल्या 'गर्भलिंगनिदान गुन्हा आहे' या पाटीमुळे; तो १९९४ चा वेगळा कायदा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, कायद्यातली कारणं असल्यास २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. ठरावीक गटांना २४ पर्यंत, पण दोघांचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात अविवाहितांनाही धरलं. त्यापुढे, गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. नवऱ्याची सही मागणं हा मात्र निव्वळ आगाऊपणा! फॉर्म सी, म्हणजे गर्भपातासाठीचं संमतिपत्र, वर्गात फिरवा: सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते, नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नाही.

– एक विधी-अध्यापक, सातारा