लेकरू रडलं की दूध कमीच का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बाळंतिणीचं दूध वाढवायचे उपाय असा अर्धं पान मजकूर आला होता. अळीव, शतावरी, मेथ्या, खसखशीची खीर, सगळं होतं, लाडवांचा फोटो तर फारच भारी होता. सासूबाईंनी लगेच कात्रण कापून ठेवलं. माझी तक्रार एवढीच की एवढ्या मजकुरात दूध कमी आहे हे ओळखायचं कसं त्याची एक ओळ नाही. आधी कमी आहे का ते बघा ना, मग वाढवा.

माझं पोरगं आता अडीच महिन्याचं आहे. मे महिन्यातला जन्म, परभणीचं मे मधलं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही. सिझर झालं. पहिल्या दिवशी चीक आला तो चमचाभर पण नसेल, पिवळा आणि घट्ट, आणि बघायला आलेली प्रत्येक बाई वाकून एकच विचारायची, "दूध उतरलं का?" दुसऱ्या रात्री लेकरू जे रडायला लागलं ते थांबेचना. मावशी म्हणल्या, "उपाशी हाय गं माय ते, काहून रडवायलीस त्याला," आणि ड्युटीवरच्या बाईंनी उभ्या उभ्या चिठ्ठीवर पावडरच्या डब्याचं नाव लिहून दिलं. बाळ छातीला कसं लावलंय हे कुणी बघितलं पण नाही. आमचे हे खाली मेडिकलमध्ये गेले न् डबा घेऊन आले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्या ज्या मैत्रिणीला हे सांगितलं ती म्हणली आमच्याकडं पण सेम.

तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी मला नंतर कळाल्या. पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी मावतं तेच मुळी चमचाभर, म्हणून चीक तेवढाच येतो आणि तो पुरतो. भरून दूध यायला २ ते ५ दिवस लागतात, सिझरवाल्यांना अजून जरा उशीर होऊ शकतो. पहिल्या काही दिवसात वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत, कधी १० टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यात परत भरून येतं. दिवसातून ८ ते १२ वेळा पाजणं हे नॉर्मल आहे. संध्याकाळी तर दर अर्ध्या तासाला मागतं, ते भूक भागत नाही म्हणूनच असं नाही, बहुतेक लेकरं तशीच करतात. हे एक जरी माहिती असतं ना तर त्या रात्री मी एवढी रडले नसते.

मग माहेरी सेलूला आले. डबा चालूच होता. रात्री ३ वाजता लाईट गेली, आईने मोबाईलचा उजेड धरलेला आणि मी पावडर मापत होते, तेव्हा डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की आईचं दूधच बाळाला सगळ्यात चांगलं. हसावं का रडावं कळेना. त्याचा कायदाच आहे म्हणे, १९९२ चा, २००३ मध्ये अजून कडक केला, त्यात दोन वर्षाखालच्या लेकरांच्या पावडरची जाहिरात बंद, फुकट सॅम्पल बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो सुद्धा छापता येत नाही. जाहिरात बंद आहे हे खरं, पण आमच्याकडं जाहिरातीची गरजच काय, शेजारची काकू आहे की.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी दूध येतं का हे विचारलंच नाही, विचारलं, "कालपासून शू किती वेळा केली?" घरात आम्ही पाच जण होतो, एकालाही सांगता येईना. रडणं सगळ्यांनी मोजलं होतं, शू कुणीच नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन्सिल दोऱ्याने बांधायला लावली आणि म्हणल्या प्रत्येक ओल्या लंगोटाला एक रेघ मारा. मग झोळीच्या काट्यावर वजन केलं, जन्माचं २ किलो ८००, त्या दिवशी २ किलो ६५०. मग म्हणल्या आता माझ्यासमोर पाजून दाखव. बघितलं तर लेकरू नुसतं निपल चोखायलंय, म्हणून तर चिरा पडल्या होत्या मला. त्यांनी बाळाला माझ्या काखेत धरायला लावलं म्हणजे टाक्यावर वजन येत नाही, तोंड मोठं उघडलं की पटकन जवळ घ्यायचं, काळा भाग बराच आत गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. दुखणं एकदम कमी झालं आणि घोट गिळल्याचा आवाज यायला लागला, गुळुक गुळुक, माझी आई तर काम सोडून ऐकत बसली.

डबा आम्ही एकदम बंद नाही केला, वजन बघत बघत एकेक वेळ कमी केली. माझे वडील शेतकरी, ते या बायकांच्या बोलण्यात कधी पडत नाहीत, पण त्या दिवशी ओसरीवरून म्हणले, विहीर उपसायचीच बंद केली तर झरे बुजणारच की. खरं तर पूर्ण सायन्स तेवढंच आहे. लेकरू जेवढं ओढतं तेवढं दूध बनतं, डब्याने पोट भरलं की ते कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं आणि सगळे म्हणतात बघा आम्ही म्हणलं नव्हतं का. चौदाव्या दिवशी काटा २ किलो ८५० ला गेला. कॅलेंडरवर त्या दिवशी आठ रेघा होत्या. पाच-सहा दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट म्हणजे काळजी नको, असं ताई म्हणल्या.

लाडू मी पण खाल्ले हो, शेपूची भाजी, बाजरीची भाकर, लसणाची चटणी, सगळं खाल्लं, बाळंतिणीला ते लागतंच. पण नीट न लावलेल्या लेकराला अळिवाचे शंभर लाडू पण कामाचे नाहीत. आणि एवढं ऊन आहे, दोन थेंब पाणी तरी पाजा असं सगळे म्हणत होते, तर आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, सहा महिने वरून पाण्याची गरज नसते, उन्हाळ्यात पण नाही. मध चाटवणं तर वर्षाच्या आत नकोच.

काही जणींना खरंच दूध कमी येतं हे पण लिहिते, थायरॉईड असतो, वार थोडी आत राहिलेली असते, अजून कारणं असतात. लेकरू सुस्त पडलं, अंगावर ओढेना, शू कमी झाली, दोन आठवड्यात वजन जन्माइतकं आलं नाही तर घरी लाडू वळत बसू नका, डॉक्टर गाठा, आणि तेव्हा डबा लागला तर लागला, त्यात आईची काही चूक नाही. आमच्या गल्लीत बीडकडची एक बाई आहे, ती ऊसतोडीला जायची, दिवाळीनंतर कारखान्यावर, लेकरू उसाच्या फडाच्या कडेला झोळीत. ती म्हणली, ताई दूध भरपूर होतं, पाजायला मुकादम सोडायचा नाही. तिला कुठला लाडू सांगणार तुमची पुरवणी?

१ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह येतोय, तेव्हा उद्घाटनाचे फोटो छापाल ते छापा, पण त्या लाडवांच्या फोटोएवढ्या जागेत शू मोजायचं, वजनाचं आणि लेकरू छातीला कसं लावायचं ते चित्रासकट छापा. सासूबाई ते पण कापून ठेवतील, मी बोलले आहे त्यांच्याशी.

आपली,
एक बाळंतीण, जि. परभणी